आपोआप उघडणारं पान

खळीच्या पातेल्यावरचं झाकण टण् करून उडालं आणि पुन्हा जागेवर बसलं. कालच्या जेवणापासून त्या घरात झालेला हा पहिला आवाज. सासूबाईंनी मान वर केली नाही. धाकटी सून उठली, गॅस बारीक केला, पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळली आणि ढवळता ढवळताच तिने ठरवलं, पहिला शब्द आपण बोलायचा नाही.

काल सासूबाई म्हणाल्या होत्या, "शाळा उघडली की पोरगी थोरलीकडे राहायला जाईल. ठरलंय." कुणाशी ठरलंय, हे विचारायला त्या एका शब्दात जागाच ठेवलेली नव्हती. पोरगी धाकटीची. धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ताटाकडे पाहिलं.

"धुळीने खोकते गं ती," तो म्हणाला. "वहिनींकडे मोठं घर आहे, बाग आहे. कायमचं थोडंच आहे?"

खोकला खरा होता, तेवढं नाकारायची सोय नव्हती. पुस्तकं बांधणाऱ्यांचं घर ते. पुढची खोली म्हणजे कारखाना: एका भिंतीला कागद कापायचं यंत्र, दुसऱ्या भिंतीला पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा आणि मधे गठ्ठेच गठ्ठे. जुन्या पुस्तकाची पाठ सोलली की वाळलेल्या सरसाची पिवळी भुकटी उडायची आणि सगळ्यांच्या भुवयांवर बसायची. पोरगी कापायच्या यंत्राखाली, कागदाच्या पट्ट्यांच्या ढिगात खेळायची. पट्ट्यांची जुडी मागे खोचून शेपूट करायची आणि घरभर उड्या मारायची, म्हणून तिचं नाव खारूताई पडलं आणि घाईत खारू झालं. झोपेतून उठली की तिच्या केसांत दोन-चार पट्ट्या हमखास असायच्या. धाकटी त्या एकेक करून काढायची. दिवसातलं ते एकच काम असं होतं, जे सावकाश केलं तरी कुणी ओरडत नसे.

दाराशी गठ्ठा आपटल्याचा आवाज आला. ग्रंथालयाचा शिपाई नेहमीची फाटकी पुस्तकं टाकून गेला होता. सासूबाईंनी सुतळी कापली. वरच तीन पुस्तकं वेगळी बांधलेली होती, त्यांवर ग्रंथपालांची चिठ्ठी. सासूबाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ती मोठ्याने वाचली.

"'या तिन्हींतलं एकच बांधावं, बाकी दोन रद्दीत द्यावीत. विषय एकच असल्याने तिन्ही ठेवायला जागा नाही. कोणतं टिकेल ते आपणच पाहून ठरवावं.'" मग त्यांनी पुस्तकांची नावं पाहिली आणि हात मागे घेतला. "चेटूक. एकट्याने, घरच्या घरी, गुरूशिवाय. नवशिक्यांसाठी. वा. एवढंच यायचं राहिलं होतं आपल्याकडे."

लाकडी पट्टीने त्यांनी तिन्ही पुस्तकं धाकटीकडे सरकवली. बोट लावलं नाही.

"तूच निवड. तुला कळतं यातलं."

"मला कशाला कळेल?"

"माझा मुलगा आयुष्यात कुणाचं ऐकत नव्हता. तुझं ऐकून लग्नाला उभा राहिला. काय पाजलंस ते मला अजून कळलेलं नाही."

"चहा," धाकटी म्हणाली. "तुम्हीच केला होता. साखर कमी होती."

यंत्रामागून नवऱ्याचं हसू फुटता फुटता गिळल्यासारखा आवाज आला आणि लगेच पातं खाली येऊन कागद कापला गेला. अबोला असा मोडला. मोडला नसता तर बरं झालं असतं, कारण संध्याकाळपर्यंत सासूबाईंनी तिचे दोन पुस्तकांचे टाके उसवले. "बोलतेस तसंच शिवतेस. वाकडं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आत आडव्या झाल्या, नवरा बांधलेली पुस्तकं पोचवायला गेला, खारू पट्ट्यांत झोपली. धाकटीने तिन्ही पुस्तकं पुढ्यात घेतली. पुस्तक निवडायचं म्हणजे त्या घरात वाचायचं नसतं. कागद वाकवून बघायचा, कोपरा मोडतो का तुटतो. फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे, हलवून बघायचे. आणि पुस्तक पाठीवर उभं धरून दोन्ही हात सोडायचे. जिथे सगळ्यात जास्त वाचलं गेलं असेल तिथे ते आपोआप उघडतं. पाठ तिथेच आधी मोडते, म्हणून नवे टाके तिथे घट्ट घालावे लागतात.

पहिलं पुस्तक हिरवं. हात सोडल्यावर ते प्रेमात पाडण्याच्या पानावर उघडलं, त्यात नवल नव्हतं. कागद बरा होता. धाकटीने सुरुवातीचं पान वाचलं, नुसतं कागदाचा पोत बघता बघता. 'आपल्या आवडत्या शांत खोलीत बसा. दार लावून घ्या.' तिला हसू आलं. तिच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता, आणि पडद्यापलीकडे सासूबाईंचा पलंग. पुढे मेणबत्त्या, चांदीचं भांडं, सात प्रकारची पानं. आणि मग चौकटीत, ठळक: 'ज्याच्यासाठी करताय त्याला आधी विचारा. विचारल्याशिवाय केलेलं चेटूक म्हणजे चोरी.'

तिने झोपलेल्या खारूकडे पाहिलं. खारूचं तोंड किंचित उघडं होतं, श्वास बारीक शीळ घातल्यासारखा येत होता. साडेपाच वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? तुला आई हवी का बाग हवी? हिरवं पुस्तक तिने रद्दीच्या बाजूला टाकलं. फेकलंच जवळजवळ.

दुसरं करडं. हात सोडले तरी ते कुठेच उघडलं नाही, तसंच ताठ उभं राहिलं. सुरुवातीपलीकडे कुणी गेलंच नव्हतं. कारण पहिल्या प्रकरणातच लिहिलं होतं, पहिलं वर्षभर काही करू नका, रोज एका जागी नुसते बसा. वर्षभर. शाळा उघडायला सुट्टीच काय ती उरली होती. पण कागद दणकट, शाई पक्की. असं पुस्तक कपाटात शंभर वर्षं राहील आणि कुणाचं काही वाकडं करणार नाही. ग्रंथालयाला हे.

तिसरं काळं. कागद भिकार, टाके सुटलेले, एका फर्म्याला तेलाचा डाग. तिने ते पाठीवर उभं धरलं, हात सोडले, आणि ते धपकन मधोमध उघडलं, कुणीतरी वाटच बघत असल्यासारखं. त्या पानाच्या कडा मऊ पडल्या होत्या, अंगठ्याच्या जागी कागद काळवंडला होता. वर लिहिलं होतं: 'आपलं माणूस कुणी नेत असेल तर.'

धाकटीने त्या डागावर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. डाग एका अंगठ्याचा नव्हता.

पानावरचं लिहिणं गोड नव्हतं. लिहिणाऱ्या बाईला कुणाचंही भलं करायची घाई नव्हती. राग आला असेल तर येऊ द्या, तिने म्हटलं होतं, त्याच्याशिवाय चूल पेटत नाही. जो नेणार आहे त्याची एक वस्तू घ्या. तिच्या आत त्याचं नाव आणि हे पान ठेवा. वर वजन ठेवा. जाता-येता ओठ न हलवता म्हणा: हात पुढे करशील तर रिकामाच मागे जाईल. मेणबत्ती नाही, चांदी नाही, दार नाही. ज्या बाईच्या घरी काहीच नाही तिच्यासाठीच जणू लिहिलेलं.

धाकटीचा यावर विश्वास होता का? त्या दुपारी तिला कुणी विचारलं असतं तर तिने तोंड वाकडं केलं असतं. पण नवऱ्याला सांगून झालं होतं, रडून झालं होतं, आणि सासूबाईंपुढे तर बोलायचीही सोय नव्हती, कारण घर त्यांचं, यंत्र त्यांचं, शिकंजाही त्यांचा. हाताशी राहिलं होतं ते हे काळं पुस्तक.

आणि वस्तू होती. थोरली जाऊबाई मागच्या खेपेला आली तेव्हा तिने तिच्या आईचं जुनं पुस्तक बांधायला दिलं होतं, 'बालसंगोपन'. निळ्या कापडाचे पुठ्ठे, कापड अजून चांगलं. "सावकाश बांधा," ती म्हणाली होती. "पोरगी येईपर्यंत झालं म्हणजे झालं." धाकटीने तेव्हा विचारलं होतं, "कोण पोरगी, ताई?" थोरली नुसती हसली होती आणि खारूच्या गालाला हात लावला होता. थोरलीच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती. त्या हसण्याचा अर्थ धाकटीला परवा जेवताना लागला.

तिने निळे पुठ्ठे सोडवले. आतलं बालसंगोपन दोरा बांधून गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं. काळ्या पुस्तकाचे फर्मे जुळवले, नवे टाके घातले, पाठीला सरस लावला आणि ते निळ्या पुठ्ठ्यांत बसवलं. बोटभर रुंदीची एक कागदी पट्टी खारूच्या केसांतून काढलेली होती, तिच्यावर थोरलीचं नाव लिहून त्या पानात घातली. मग शिकंज्यात ठेवून चाक पिळलं, हात दुखेपर्यंत. त्या घरात लपवायला याहून चांगली जागा नव्हती. तिथे पुस्तकं कुणी वाचत नसे, सगळे फक्त पाठीवरचं नाव वाचत. थोरली यायच्या आधी ज्याचं त्याला परत घालता येईल, असा तिचा हिशोब होता.

त्यानंतर शिकंज्यावरून जाताना ती ते वाक्य मनात म्हणायची. खळ नेताना, पाणी नेताना, खारूला कडेवर घेऊन नेताना.

"काय पुटपुटतेस?" सासूबाई एकदा म्हणाल्या.

"कुठे काय? ओठ तरी हलले का माझे?"

"तुझे ओठ हलत नसतात तेव्हाच जास्त ऐकू येतं मला."

त्यांनी खारूला खारूच्या नव्या घराबद्दल सांगायला सुरुवात केली होती. तिथे झोपाळा आहे, शेजारी मांजर आहे, तुझी तुला खिडकी आहे. खारू ऐकून आईकडे यायची. "आई, मांजराला शेपूट असते ना? मग मला लावायला नको." धाकटी म्हणायची, "जा, हात धू आधी." खळीच्या हातांनी पुस्तकाला शिवायचं नाही, हा त्या घरातला पहिला नियम. खारू चालायला लागली त्याच्या आधी तिला तो यायला लागला होता. कुणी पुस्तक हातात घेतलं की ती लगबगीने विचारायची, "हात धुतले?" गिऱ्हाईकालाही विचारायची.

थोरली न कळवता आली. दार वाजलं तेव्हा धाकटी मागे ओट्यापाशी खळ शिजवत होती. ती हात पुसत पुढे आली तोवर थोरली खुर्चीत बसलेली होती, खारूपुढे चाकांची छोटी लाल पेटी उभी होती, आणि खारू ती खोलीभर पळवत होती. फरशीवर चाकांचा खडखडाट चालला होता.

"लवकर आलात, ताई."

"का, तुझी परवानगी घ्यायची होती?" थोरली म्हणाली. "म्हटलं पोरीला आत्तापासून सवय होऊ दे. किती वाळलीय ही. खायला घालतेस का नुसती धूळच?"

धाकटीने शिकंज्याकडे पाहिलं. शिकंजा रिकामा होता.

"वहिनींचं पुस्तक मी काढलं," नवरा म्हणाला. तो खूश दिसत होता, त्या दोघींमध्ये ठेवायला आपल्याकडे काहीतरी आहे म्हणून. "वाळलं होतं. कडा कापल्या, पाठीवर सोनेरी नाव उठवलं. झकास झालंय."

"उघडून बघितलंत?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"ताजं पुस्तक उघडतं का कुणी? पाठ मोडेल ना."

हा त्या घरातला दुसरा नियम होता. नवं बांधलेलं पुस्तक उघडायचा मान गिऱ्हाईकाचा. सासूबाईंनी कपाटातून कागदात गुंडाळलेलं पुस्तक काढलं, कागद सोडला, निळं कापड तळव्याने पुसलं आणि थोरलीच्या मांडीवर ठेवलं. "बघ. शिवलंय हिने, पण बांधणी आमच्या घरची आहे."

"ताई, ते द्या इकडे," धाकटी म्हणाली. "एक टाका राहिलाय."

"हात धुतलेस, काकू?" खारूने लांबून विचारलं.

थोरली हसली. "धुतले गं बाई." तिने पुस्तक पाठीवर धरलं आणि हात सैल सोडले. नवा सरस, नवे टाके, सोनेरी नाव, कशाचाही उपयोग झाला नाही. पुस्तक धपकन उघडलं, जिथे नेहमी उघडायचं तिथेच.

थोरलीने पट्टी उचलली. स्वतःचं नाव वाचलं. मग पान वाचलं. आधी मनात, मग मोठ्याने, प्रत्येक शब्दावर थांबत, शाळेत उभं करून वाचायला लावल्यासारखं. "'हात पुढे करशील तर रिकामाच मागे जाईल.'" पेटीची चाकं थांबली.

"अक्षर कुणाचं आहे हे?" तिने पट्टी पुढे धरली.

सासूबाईंनी पाहिली. त्यांना सांगायची गरज नव्हती.

"मस्करी असेल, वहिनी," नवरा म्हणाला. "अगं, सांग ना त्यांना. मस्करी केली ना तू?"

त्याने तिला वाट करून दिली होती. तिला ती दिसलीही. एक शब्द बोलली असती तर सगळं पहिल्यासारखं झालं असतं. आणि पहिल्यासारखं म्हणजे शाळा उघडल्यावर खारू तिथे.

"मस्करी नाही," धाकटी म्हणाली. "मीच केलं. मनापासून केलं."

थोरलीने पुस्तक मिटलं. ती ओरडेल असं वाटलं होतं; ती ओरडली नाही. तिने दोन्ही तळवे वर करून धाकटीपुढे धरले.

"रिकामे जावेत म्हणून एवढं शिवत बसलीस? बघ की. आधीपासून रिकामेच आहेत. नुसतं बघितलं असतंस तरी दिसलं असतं तुला."

मग थोरलीने मुठी वळल्या.

"ताई, माझी पोर आहे ती. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

"आता विचारायला नको. ठेव तुझी पोर." थोरली उठली. "तुझ्या हातचं खाऊन वाढलीय, तुझंच शिकलेली असणार. उद्या माझ्या घरात माझ्या उशाखाली काय ठेवील कुणी सांगावं? मला नको. फुकट दिलीत तरी नको."

"अगं, पोरीपुढे काय बोलतेस," सासूबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

"तुमच्या सुनेने बोलायला काय ठेवलंय, आई?" थोरली दारापाशी पोचली. नवरा लाल पेटी उचलून तिच्यामागे गेला. तिने पेटीकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकली. "ती पण राहू दे. तिचा हात लागलाय."

दार लागलं. नवरा तसाच पेटी हातात धरून उभा राहिला. मग त्याने ती खाली ठेवली, चपला घातल्या आणि थोरलीच्या मागे गेला. जाताना धाकटीकडे बघितलंही नाही.

सासूबाईंनी निळं पुस्तक लाकडी पट्टीने ढकलत मेजाच्या कडेपर्यंत नेलं आणि खाली पाडलं. "मिळालं तुला हवं ते?" त्या म्हणाल्या. "आता पोटभर सांभाळ. धूळ खा म्हणावं दोघींनी मिळून." आत जाऊन त्यांनी पडदा ओढला. पडद्याची कडी दांड्यावरून खरखरत गेली.

मिळालं होतं. धाकटी खाली बसली. छातीत काहीतरी आनंदासारखं धडधडत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती. पोरगी इथेच राहणार. पट्ट्या केसांतून काढायला उद्याही मिळणार, परवाही. खोकल्याचं बघू, पडदे ओले करू, यंत्राखालून तिची जागा हलवू. काळं पुस्तक निळ्या पुठ्ठ्यांत पालथं पडलं होतं. तिने ते उचललं नाही. पलीकडे रद्दीच्या ढिगातून हिरव्याचा कोपरा डोकावत होता.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की खारू खोलीत नाही.

मागून नळाचा आवाज येत होता. खूप वेळ येत असावा. धाकटी उठायच्या आत तो थांबला आणि खारू आली. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, पुढचा झगा भिजलेला. बोटांच्या बेचक्यांत साबणाचा फेस राहिला होता. घासून घासून तळवे लाल झाले होते. ते तिने आईच्या नाकासमोर धरले, पुस्तकाला हात लावण्याआधी तपासायला धरते तसे, आधी पालथे, मग उताणे.

"खळ नव्हती गं हाताला, तरी धुतले," ती म्हणाली. "पेटीची मूठपण पुसली." मग दाराकडे बघून तिने विचारलं, "आई, आता काकूला चालेल मी?"